लोकांना नाव असतं

शालनकाकी गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारायच्या. प्रत्येक चाकावर तळहात दाबून बघायच्या, वाकून गाडीखाली नजर टाकायच्या आणि शेवटी डिझेलच्या टाकीचं झाकण उघडून वास घ्यायच्या. आम्ही बाया आत बसून जांभया देत असायचो. पहिल्या शिफ्टला रांजणगावात पोचायचं म्हणजे उजाडायच्या आत निघावं लागे, आणि काकींची ही तपासणी काही संपायची नाही. "काकी, रोज कोण कशाला काय करंल गाडीला?" असं एकदा ज्योतीवहिनीनं विचारलं, तेव्हा त्या स्टिअरिंगवर बसता बसता म्हणाल्या, "रोज कोण करत न्हाई. ज्या दिवशी करंल त्या दिवशी तुम्ही आत असणार."

आमचं गाव घोडनदीच्या काठचं, शिरूरपासून दौंडकडे येताना लागतं. गावातल्या बायांनी कारखान्यात जायचं, तर अडचण कामाची नव्हती. काम मिळत होतं. गाड्यांच्या वायरी जुळवण्याच्या कारखान्यात तर बायाच हव्या असत. अडचण होती ती जाण्यायेण्याची. कंपनीची बस आमच्या फाट्यावर येत नसे, एसटीची वेळ जुळत नसे आणि फाट्यावरून भाड्याच्या जीपा सोडणाऱ्या आप्पांच्या जीपमध्ये पुरुषांच्या मांडीला मांडी लावून पोरीबाळींनी बसायचं, हे कुठल्याच घराला मंजूर नव्हतं. शालनकाकींनी व्हॅन चालवायला सुरुवात केली आणि बाई ड्रायव्हर आहे म्हटल्यावर एकेक दार उघडलं. ती गाडी नसती तर आम्ही सगळ्या घरातच बसलो असतो. इतकी साधी गोष्ट होती ती.

गाडी पहिल्यांदा आमच्या बौद्धवस्तीवर थांबायची, मग गावठाणात, मग मळ्यांवर. त्यामुळे खिडक्यांच्या जागा आम्हाला मिळायच्या. यावर कुणीतरी कुरकुर केली होती म्हणे. काकींनी उत्तर दिलं, "रस्ता जसा येतो तशी गाडी थांबती. रस्ता बदला, मग जागा बदलती."

मी बारावी होऊन घरी बसले होते तेव्हा काकी पहिल्यांदा आमच्या दारात आल्या. ठेंगण्या, रुंद हाडाच्या, नऊवारी सोडून पंजाबी ड्रेस घालायला लागलेल्या. पण डोक्यावरची ओढणी कधी ढळायची नाही. माझ्या वडिलांना, अण्णांना त्यांनी नमस्कार केला आणि बसायच्या आधीच विचारलं, "पोरगीनं कामाला जायचं हे कुणी ठरवलं? तुम्ही का तिनं?"

अण्णा म्हणाले, "दोघांनी."

"आसं नसतं," काकी म्हणाल्या. "कुणीतरी आधी ठरवतं, दुसरा मागनं मान हलवतो." मग माझ्याकडे वळून त्यांनी माझा चेहरा बराच वेळ निरखला. मी म्हणाले, "मी ठरवलं." तेव्हा कुठे त्या खाली बसल्या. चहा मात्र घेतला नाही. बाहेर कुणाच्याच हातचा चहा त्या घेत नसत. जात-पात बघून नाही, सरसकट. पाण्याची बाटली त्यांची त्यांच्याजवळ असे.

त्यांच्या या स्वभावाचा आम्हाला वैताग येई. एकदा सुपरवायझरनं गेटवर निरोप दिला की आज बायांना दोन तास ओव्हरटाइम आहे, गाडी थांबवा. काकी थांबायला तयार होत्या, पण त्या निरोपावर नाही. गेटवरचा बिहारी सिक्युरिटीवाला म्हणाला, "माताजी, अंदर जाना मना है." काकी म्हणाल्या, "मी कुठं आत येती म्हणले? एकीला भायेर बोलाव. आमच्यातली कुणीतरी एक येऊन माझ्या तोंडावर सांगू दे." शेवटी मला लाइनवरून उठून गेटपर्यंत यावं लागलं. सगळी लाइन हसत होती. मी चिडून म्हणाले, "काकी, साहेब खोटं कशाला बोलतील?"

"खोटं न्हाईच बोलणार," काकी म्हणाल्या. "पर तुम्हाला थांबायचं हाय का, हे सायबाला कसं ठावं? ते तुम्हीच सांगायचं."

महिला दिनाला तालुक्याच्या एका कार्यक्रमात त्यांचा सत्कार ठरला. 'रणरागिणी' वगैरे लिहिलेला फ्लेक्स लागला, त्यावर हात जोडलेल्या पुढाऱ्यांच्या मधे काकींचा गाडीसोबतचा फोटो. फोटो कुणी काढला होता, हे काकींना माहीत नव्हतं. त्या कार्यक्रमाला गेल्याच नाहीत. उलट फ्लेक्सवाल्याच्या दुकानात जाऊन आपला फोटो काढून टाकायला लावला. आयोजकांपैकी एकजण घरी शाल-श्रीफळ घेऊन आला. काकींनी नारळ ठेवून घेतला आणि शाल परत केली. "शाल पांघरली की खांदा त्यांचा हुतो," असं त्यांनी आम्हाला गाडीत सांगितलं. नारळाचं काय, असं आम्ही विचारलं. "नारळ फोडून खाल्ला. त्याच्यात काय राजकारण ऱ्हातंय?"

साऱ्या जगावर असा पहारा ठेवणाऱ्या या बाईचा विश्वास एकाच माणसावर होता. तो म्हणजे त्यांचे यजमान, वामनकाका. वामनकाकांनी वर्षानुवर्षं आप्पांचा ट्रक चालवला. नगर, नाशिक, पार गुजरातपर्यंत जाऊन यायचे. मग साखरेनं डोळे खाल्ले. आधी रात्रीचं दिसेना, मग दिवसाचंही अंधुक झालं, आणि स्टिअरिंग सुटलं. त्यानंतर त्यांनीच काकींना गाडी शिकवली. तोडणी झालेल्या उसाच्या रानात, ढेकळांतून, शेजारी बसून. गाव बांधावर उभं राहून बघत होतं. काकी सांगायच्या, "लोक हसत हुते तवा ह्यांनी एकच सांगितलं, तू म्होरं बघ, मी लोकांकडं बघतो. आन् ह्यांना तर काय दिसत नव्हतं." हे सांगताना काकी हसायच्या. रविवारी गाडी धुण्याचं काम वामनकाकांचं. दुसऱ्या कुणी गाडीला हात लावलेला काकींना खपत नसे. काका मात्र बोटांनी चाचपून चाचपून सगळी गाडी पुसायचे.

दोन वर्षं अशी गेली. मग एके सकाळी मळ्यावरच्या दोघी बहिणी आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात ज्योतीवहिनी आली नाही. तिच्या सासूनं दारातूनच सांगितलं, घरात काम आहे. त्यानंतर एक दिवस मी तयार होऊन डबा हातात घेऊन उभी असताना अण्णा म्हणाले, "आजपासून जायचं न्हाई."

कारण सांगेनात. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. आई मधे पडली, तर तिलाही गप्प केलं. अण्णा काही वाईट माणूस नव्हते. मला शिकवायचा हट्ट त्यांचाच होता. पण त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू मी काहीतरी लपवत होते आणि ते त्यांना कळलं होतं. वस्तीतल्या नळावर मी गेले की बोलणं थांबायचं. कारखान्यातून फोन आला, आणखी गैरहजर राहिलात तर नाव कमी करू.

त्या रविवारी सकाळी काकी आमच्याकडे आल्या. मी अंगणात शेंगदाणे पाखडत होते.

"अण्णा, पोरगी का येईना?"

"बरं न्हाई तिला."

"आजारी माणूस दाणे पाखडत न्हाई," काकी म्हणाल्या आणि ओट्यावर बसल्या. त्या उठणार नाहीत हे अण्णांच्याही लक्षात आलं. मग त्यांनी मान खाली घालून सांगितलं. लोक म्हणतात, गाडी सरळ कारखान्यात जात नाही. शिफ्ट सुटल्यावर मधेच कुठेतरी थांबते. कुणाला कुठे सोडतात, कुणाला कुठून घेतात. हायवेला लॉज कमी आहेत का?

काकींच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. "कोण म्हणतं?"

"लोक."

"लोक म्हंजी कोण? लोकांना नाव असतं, अण्णा."

"आमच्यासारख्यांच्या पोरींवर बोलायला लोकांना निमित्तच पायजे असतं," अण्णा म्हणाले. "नावं कशाला हवीत? मला माझी पोरगी सांभाळायची."

"माझ्या बी गाडीत ती माझीच पोरगी हाय. नाव सांगा."

शेवटी अण्णा म्हणाले, की सलूनमध्ये दाढी करताना ऐकलं. काकी उठल्या. मला म्हणाल्या, "चल. तुझ्यावर बोललं गेलंय, तुझ्या कानानं ऐक." अण्णांनी मला अडवलं नाही. बहुधा त्यांनाही ते ऐकायचं होतं, फक्त स्वतः जायचं नव्हतं.

रविवारचं सलून भरलेलं होतं. काकी पायरीवर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांच्या देखत विचारलं. कात्री थांबली. न्हावी आरशातून आमच्याकडे बघत म्हणाला, "मी काय जोडलं न्हाई, काकी. आप्पांच्या ऑफिसात बोलणं झालं, तितकंच कानावर आलं."

आप्पा. माझ्या मनात जे होतं तेच निघालं. आमच्यासारख्या बाया आप्पांच्या जीपमध्ये आल्या तर फायदा आप्पांचाच होता. वाटेत काकी झपाझप पुढे चालत होत्या. मला वाटलं, आता तिथे काहीतरी मोठं होणार. मी घाबरले होते, आणि खरं सांगायचं तर मला ते बघायचंही होतं.

आप्पांचं ऑफिस म्हणजे फाट्यावरचं पत्र्याचं शेड, पुढे जीपा लागलेल्या. आप्पा पेपर वाचत होते. म्हाताऱ्या माणसाचे असतात तसे अर्धवट मिटलेले डोळे. "ये शालन," म्हणाले, आणि चहा सांगितला. काकींनी नको म्हटलं.

"आप्पा, माझ्या गाडीची बदनामी हितनं निघाली, असं कळलंय."

आप्पांनी पेपर घडी करून ठेवला. "तुझ्या बाया माझ्या जीपमध्ये आल्या तर मला हव्याच हायत. ते काय मी नाकारत न्हाई. पर ही गोष्ट माझी न्हाई."

"मग कुणाची?"

"जाऊ दे शालन. विसरून जातील लोक."

"माझ्या पोरींची कामं चाललीत. ज्योतीला सासू दाराभायेर पडू देत न्हाई. कुणाची गोष्ट हाय, आप्पा?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी तिथे नसते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "घरी जाऊन विचार."

"कुणाच्या घरी?"

"तुझ्या."

मला आधी अर्थच लागला नाही. काकींना लागला असावा. त्या तिथेच उभ्या राहिल्या. नंतर म्हणाल्या, "खोटं असंल तर मी परत येईन, आप्पा."

"मला बी वाटतं तू परत यावंस," आप्पा म्हणाले. त्यात उपहास नव्हता. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

वामनकाका अंगणात गाडी पुसत होते. एका हातानं पत्रा चाचपायचा, दुसऱ्या हातानं फडकं फिरवायचं. पावलं ओळखून म्हणाले, "आलीस व्हय?"

"अहो, आप्पांच्या ऑफिसात माझ्या गाडीबद्दल काय बोललात?"

फडकं फिरतच राहिलं. "कवा?"

"कवा ते तुम्हाला ठावं हाय."

काकांनी फडकं बादलीत पिळलं. मग जरासं हसून म्हणाले, "इचारत हुते तिथं, शालन दिसत न्हाई, कुठं असती दिसभर. मी म्हणलो, आता गाडी कुठं जाती न् कुठं थांबती, आमाला कुठं दिसतंय. इतकंच. हसत म्हणलो हुतो."

"ऐकणाऱ्यांनी हसण्यावारी नेलं न्हाई."

मी तिथे फाटकाशी उभी होते. मला जाताही येईना. ते वाक्य मी तेव्हापासून कितीदा मनात फिरवून पाहिलं आहे. आंधळा होत चाललेला माणूस, आपल्याला दिसत नाही एवढंच तर म्हणाला. आणि तोच माणूस, ज्याचं स्टिअरिंग बायकोच्या हातात गेलं, तो चार पुरुषांत बसून तिच्याबद्दल असं म्हणाला. दोन्ही खरं असू शकतं. बोलताना कसे हसले असतील, कडवट की साधं, यावर सगळं अवलंबून होतं, आणि ते हसू आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.

काकींनी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि राहिलेली बाजू पुसून काढली. बादली उपडी केली. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी लवकर आंघोळ करून तयार ऱ्हावा."

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या दारात थांबली तेव्हा पुढच्या सीटवर वामनकाका बसलेले होते. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. अण्णा बाहेर आले, त्यांना बघितलं आणि त्यांचा चेहराच सैल झाला. "काका बी हायत व्हय? मग जा गं."

सगळीकडे तसंच झालं. ज्योतीवहिनीची सासू दाराशी आली, टोपी बघितली आणि सुनेला डबा आणून दिला. मळ्यावरच्या बहिणी परत आल्या. त्या आठवड्यात गाडी पुन्हा भरली आणि गावात तो विषय निघाला नाही. संध्याकाळी परतताना काकी आम्हाला आरशातून बघत म्हणाल्या, "न दिसणारा का हुईना, पुरुष पायजे गाडीत. म्हंजी गावाला दिसतं." शेजारी काका ऐकत होते. काकींनी आवाज कमी केला नव्हता.

त्या रोज त्यांना रस्ता सांगायच्या. प्रेमानं नव्हे, साक्ष द्यावी तसा. "ह्यो मळा आला. हितं थांबले. ज्योती बसली. आता निघाले. ह्यो कॅनॉल. हितं कुणी बसत न्हाई, थांबत न्हाई." आम्ही मागे अवघडून बसायचो. एके दिवशी काका हळूच म्हणाले, "सांगू नगंस गं. कळतं मला."

"कळतंय म्हणूनच सांगती," काकी म्हणाल्या.

पण काही महिन्यांनी त्या स्वरातलं काहीतरी बदललं. कुठे नवीन पंप झाला, कुठे ऊस वाळला, कुणाच्या दारात मांडव पडला, हेही त्यांच्या सांगण्यात यायला लागलं. काका खड्ड्यांवरून ओळखून गावाचं नाव आधीच सांगायचे. आम्हाला वाटलं, मिटलं आता सगळं.

अशात एका सोमवारी गाडी आली ती पुढची सीट रिकामी घेऊन. अण्णा दारातच होते. "काका न्हाईत?"

"न्हाईत."

"बरं न्हाई का?"

"ठणठणीत हायत. घरी हायत." काकी खाली उतरल्या नाहीत. "येती का गं?" त्यांनी मला विचारलं, अण्णांना नाही.

अण्णा त्या रिकाम्या सीटकडे बघत उभे राहिले. मला त्यांच्या उत्तराची वाट बघायची सवय होती. त्या दिवशी मी वाट बघितली नाही. पुढचं दार उघडलं आणि काकांच्या जागेवर बसले. अण्णा जवळ आले. मला वाटलं, हात धरून उतरवतील. त्यांनी दारावर हात ठेवला आणि म्हणाले, "नीट लाव. उघडं ऱ्हायलंय."

ज्योतीवहिनीच्या दारात मात्र सासू म्हणाली, "काका येतील तवा पाठवीन." काकींनी वाद घातला नाही; गाडी पुढे घेतली. मी म्हणाले, "उद्या काकांना आणा ना. कशाला तिचं काम घालवायचं?" काकी म्हणाल्या, "आन् ते मेल्यावर कुणाला आणू?"

ज्योतीवहिनीचे ते दिवस वाईट गेले असणार. तिनं त्याबद्दल कधी सांगितलं नाही. एका सकाळी ती फाट्यावर उभी दिसली, मळ्यातून एकटी चालत आलेली, चपला दवानं भिजलेल्या. काकींनी गाडी थांबवली. नेहमीची चौकशी केली नाही, कुणाला विचारून आलीस म्हणून. नुसतं मागं सरकायला सांगितलं आम्हाला.

पुढे माझं लग्न होऊन मी दौंडला आले. माझे यजमान रेल्वेत आहेत, आणि मी आता कुरकुंभकडच्या एका कारखान्यात लाइन सांभाळते. वामनकाका मागच्या हिवाळ्यात गेले. मी भेटायला गेले होते, पण माणसांच्या गर्दीत बोलणं झालं नाही. नंतर महिनाभरानं काकीच दौंडला आल्या, स्वतः गाडी चालवत. केस बरेच पांढरे झाले होते. क्वार्टरच्या दारातच विचारलं, "घर कुणाच्या नावावर हाय?"

"रेल्वेच्या, काकी."

"मग ठीक हाय," म्हणाल्या आणि आत आल्या. माझ्या नवऱ्याला त्यांनी चार प्रश्न विचारले, त्याची उत्तरं ऐकून मान हलवली, पण पटली असावीत असं वाटलं नाही. तो ड्यूटीवर गेल्यावर आम्ही दोघीच राहिलो. काकांबद्दल बोलत राहिल्या. शेवटी शेवटी दिसणं पूर्णच गेलं होतं. हाताला धरून न्यावं लागे. गाडीचा आवाज आला की मात्र उठून बसायचे.

मी धीर करून विचारलं, "काकी, त्या वेळी काका ते का म्हणाले होते? मनात काही होतं का त्यांच्या?"

यार्डात कुठेतरी डबे जोडले गेल्याचा धक्का ऐकू आला.

"पुन्हा विचारलं न्हाई मी."

"इतक्या वर्षांत एकदाही नाही? तुम्ही?"

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं त्यांनी," काकी म्हणाल्या. "म्हणून न्हाई विचारलं."